एनएफएलचा खेळाडू करार मोडतो तेव्हा बोनसमधले किती पैसे परत द्यावे लागतात, हिशोब असा लावा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिथे दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ट्रेनिंग कॅम्प उघडायच्या सुमारास एखादी तरी बातमी येतेच की अमक्याने अचानक रिटायरमेंट जाहीर केली किंवा तमका कॅम्पला आलाच नाही, आणि आता टीम त्याच्याकडे बोनसचे पैसे परत मागणार. लगेच ग्रुपवर दोन तट पडतात, एक म्हणतो कोट्यवधी डॉलर घेऊन पळाला, दुसरा म्हणतो एकदा दिलेले पैसे परत कसे मागतात हे लोक. आणि दोन्हीकडचे आकडा न बघताच भांडत असतात. खरं म्हणजे हा हिशोब कागद-पेन घेऊन कोणालाही लावता येतो, बातमीतला आकडा बरोबर आहे की फुगवलेला आहे हे दहा मिनिटांत कळतं. अमेरिकेत राहून रविवारी मॅच बघणाऱ्या आपल्या लोकांना आणि तिकडे भारतात पहाटे उठून बघणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून नीट लिहितो.

आधी बघा की पैसे कुठल्या नावाने दिलेत

एनएफएलच्या करारात मोठा आकडा एकच छापून येतो पण आत पाच-सहा प्रकारचे पैसे असतात. बेस सॅलरी ही सीझन चालू असताना हप्त्याहप्त्याने मिळते, खेळला नाही तर मिळत नाही, त्यामुळे परत द्यायचा प्रश्नच येत नाही. वर्कआउट बोनस, इतके यार्ड केले की इतके पैसे असले इन्सेंटिव्ह, हे काम झाल्यावरच मिळतात, तेही सोडून द्या. उरतात साइनिंग बोनस, ऑप्शन बोनस आणि रोस्टर बोनस. ऑप्शन बोनस म्हणजे करार पुढे चालू ठेवायचा पर्याय टीमने वापरला की मिळणारे पैसे, आणि रोस्टर बोनस म्हणजे ठराविक तारखेला तुम्ही टीमच्या यादीत असलात की मिळणारे पैसे.

भांडण जवळजवळ नेहमी साइनिंग बोनसवरून होतं. सही केली की हे पैसे खेळाडूच्या खात्यात येतात, एकरकमी किंवा दोन-तीन टप्प्यांत, पण ते असतात पुढच्या सगळ्या वर्षांचे. थोडक्यात आगाऊ उचल. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं, कारण प्रत्येक भांडणात शेवटी लवाद हेच विचारतो की हे पैसे कुठल्या सीझनसाठी दिले होते, आणि त्या सीझनला हा माणूस हजर होता का.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. एनएफएलमधले बहुतेक करार पूर्ण गॅरंटीड नसतात, टीमला वाटलं तर ती खेळाडूला मध्येच कापते आणि पुढच्या वर्षांचा पगार बहुतेक वेळा बुडतो. तेव्हा मात्र साइनिंग बोनस खेळाडूकडेच राहतो, टीम तो परत मागू शकत नाही. गुडघा गेला, टीमने काढलं, बोनस तुमचा. म्हणून खेळाडू आणि एजंट साइनिंग बोनससाठी एवढे जीव टाकतात, हातात आलेले तेवढेच पैसे त्यांना आपले वाटतात. परत द्यायची वेळ येते ती खेळाडूने स्वतः करार मोडला तरच.

मग वर्षांनी भागा

सॅलरी कॅप म्हणजे टीमने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा. तिच्या हिशोबासाठी साइनिंग बोनस करारातल्या वर्षांवर समान वाटला जातो, पण जास्तीत जास्त पाच वर्षांवर. करार सहा किंवा आठ वर्षांचा असला तरी भागायचं पाचनेच. ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन साइटवर प्रत्येक खेळाडूचं वर्षवार पान असतं, त्यात साइनिंग बोनसचा वेगळा कॉलम दिसतो, तो आकडा उचला.

अँड्र्यू लकचं उदाहरण घेऊ कारण त्यात आकडे सोपे आहेत. इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१६ मध्ये त्याच्याशी मोठा करार केला त्यात साइनिंग बोनस होता ३ कोटी २० लाख डॉलर. भागिले पाच, म्हणजे वर्षाला ६४ लाख. २०१६, २०१७, २०१८ ही तीन वर्षं झाली, त्यातलं २०१७ तो खांद्याच्या दुखापतीमुळे अख्खं वर्ष खेळलाच नाही, पण ते वर्ष भरलेलं धरतात, कारण दुखापत म्हणजे करार मोडणं नव्हे. हा मुद्दा लोक फार विसरतात. मग २४ ऑगस्ट २०१९ ला सीझन तोंडावर असताना त्याने निवृत्ती जाहीर केली. उरली दोन वर्षं, २०१९ आणि २०२०, म्हणजे ६४ दुणे, १ कोटी २८ लाख डॉलर. एवढा साइनिंग बोनस कोल्ट्सला मागता आला असता. बातम्यांत आकडा आला होता सुमारे २ कोटी ४८ लाख, कारण वरचे १ कोटी २० लाख रोस्टर बोनसचे होते. म्हणजे बघा, बातमीतला आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका, फरकात काय आहे ते शोधा, बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या नावाचा बोनस सापडतो.

जुन्या केसेसमध्ये पाचची मर्यादा शोधू नका, तेव्हाचे नियम वेगळे होते. बॅरी सँडर्सने १९९७ मध्ये डेट्रॉइट लायन्सशी सहा वर्षांचा करार केला, साइनिंग बोनस १ कोटी १० लाख डॉलर, आणि दोनच सीझननंतर जुलै १९९९ मध्ये आपल्या गावाकडच्या विचिटाच्या पेपरला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. धावून सर्वाधिक यार्ड कापण्याचा वॉल्टर पेटनचा विक्रम तेव्हा फक्त १४५७ यार्ड दूर होता, तब्येत ठणठणीत होती, कोणालाच कळेना का सोडलं. लायन्सने पैसे मागितले, प्रकरण लवादाकडे गेलं. फेब्रुवारी २००० मध्ये निकाल आला की १८ लाख ३३ हजार डॉलर लगेच द्यायचे आणि उरलेले, जसजशी वर्षं जातील आणि हा निवृत्तच राहील तसतसे. भागाकार करून बघा, १ कोटी १० लाख भागिले सहा, बरोबर तोच आकडा. सगळे पैसे एकदम मागता येत नाहीत, ज्या वर्षी हजर नाही त्या वर्षीचा भाग, हे तेव्हापासून ठळक झालं.

करार मोडला म्हणजे नक्की काय केलं

सध्याचा नियम लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारात बसवला गेला आणि २०२० च्या करारातही आर्टिकल ४, सेक्शन ९ मध्ये आहे. त्यात कारणं दिलीयत, मुद्दाम कॅम्पला, प्रॅक्टिसला किंवा मॅचला न येणं, तुरुंगात असल्यामुळे उपलब्ध नसणं, करारात मनाई असलेला धोक्याचा खेळ खेळून स्वतःला जखमी करून घेणं, आणि स्वतःहून निवृत्त होणं. उत्तेजक द्रव्याच्या नियमाखाली सस्पेन्शन झालं तरी जितके आठवडे बाहेर तितका त्या वर्षीचा भाग जातो.

निवृत्तीचा हिशोब वर केलाच. रुसून कॅम्पला न आलेल्या खेळाडूचा हिशोब वेगळा, आणि तिथेच बातम्या सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. समजा एखाद्याचा साइनिंग बोनस २ कोटी डॉलर, पाच वर्षांत वाटलेला, म्हणजे यंदाचा भाग ४० लाख. टक्के काढायचे ते या ४० लाखांवर, पूर्ण दोन कोटींवर नाही, इथे हमखास चूक होते. कॅम्पचे पाच दिवस बुडेपर्यंत बोनसला हात लागत नाही, सहाव्या दिवशी यंदाच्या भागातले १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६ लाख. मग रोजचा एक टक्का, म्हणजे ४० हजार, आणि असं करत कॅम्प आणि प्रीसीझन मिळून २५ टक्क्यांवर थांबतं. सीझन सुरू झाला की आठवड्यागणिक वाढत जातं. समजा हा भाऊ दहा दिवस आला नाही, तर ६ लाख अधिक चार दिवसांचे १ लाख ६० हजार, एकूण जास्तीत जास्त ७ लाख ६० हजार. रोजचा दंड याच्याशिवाय असतो, रूकी करार (लीगमध्ये आल्यावरचा पहिला करार) संपलेल्या खेळाडूला २०२० च्या करारानुसार दिवसाला ५० हजार डॉलर आणि तो टीमला माफही करता येत नाही. दंड आणि बोनसची वसुली या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, बातमीत एकत्र करून सांगतात, तुम्ही वेगळ्या लिहा.

कमावलेले पैसे वेगळे काढा

मायकल व्हिकची केस याच्यासाठी समजून घ्यायला हवी, माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची केस तीच. अटलांटा फाल्कन्सने डिसेंबर २००४ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार केला. २००७ मध्ये कुत्र्यांच्या झुंजींचं प्रकरण बाहेर आलं, ऑगस्टमध्ये त्याने गुन्हा कबूल केला, डिसेंबरमध्ये २३ महिन्यांची शिक्षा झाली. जे केलं ते भयानक होतं आणि त्याबद्दल कोणालाच सहानुभूती नव्हती, मलाही नाही. फाल्कन्सने जवळजवळ २ कोटी डॉलर परत मागितले आणि स्पेशल मास्टरने (असे वाद ऐकायला कोर्टाने नेमलेला माणूस) त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण फेब्रुवारी २००८ मध्ये मिनेसोटाचे फेडरल न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी तो फिरवला. त्यांचं म्हणणं असं की यातला बराचसा भाग रोस्टर बोनस म्हणून दिलेला आहे, त्या त्या तारखेला व्हिक टीममध्ये होता, म्हणजे ते पैसे त्याने तेव्हाच कमावले, नंतर त्याने काय गुन्हा केला याचा त्याच्याशी संबंध नाही. उरले फक्त ३७ लाख ५० हजार डॉलर, बाकी सुमारे १ कोटी ६२ लाख त्याच्याकडेच राहिले. वरच्या कोर्टानेही २००९ मध्ये हेच कायम ठेवलं.

मला हा निकाल बरोबर वाटतो, आणि माणूस आवडत नसतानाही बरोबर वाटतो, कारण उद्या हाच नियम गुडघे झिजलेल्या एखाद्या साध्या लाइनमनला लागू होणार असतो. टीम मालकांना अर्थातच तो आवडला नाही, आणि २०११ च्या करारात कलम बरंच कडक झालं, रोस्टर बोनसही काही प्रमाणात त्याच्या कक्षेत आले. म्हणून २०११ च्या आधीचा करार आहे की नंतरचा हे बघितल्याशिवाय व्हिकचं उदाहरण कोणाच्या तोंडावर फेकू नका. पण जी वर्षं भरली त्यांचा साइनिंग बोनस परत घेता येत नाही, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

मध्येच ट्रेड झाला असेल तर

ट्रेड म्हणजे खेळाडू करारासकट दुसऱ्या टीमला देणं. त्यात बोनस एका टीमने दिला आणि परत मागितला दुसरीने असंही होतं. जेक प्लमरला डेन्व्हर ब्रॉन्कोसने २००७ मध्ये टँपा बेला ट्रेड केलं, त्याला जायचंच नव्हतं, त्याने निवृत्ती घेतली. टँपा बेने ७० लाख डॉलरच्या आसपास मागितले, म्हणजे त्यांनी न दिलेल्या बोनसचे! लवादाने निम्मे, सुमारे ३५ लाख द्यायला सांगितले. ऐकायला अन्याय वाटतो पण ट्रेडमध्ये करार जसाच्या तसा हक्कांसकट पलीकडे जातो. तेव्हा कुणी ट्रेड झालेला खेळाडू सोडून गेला तर जुन्या टीमच्या नावाचा बोनसही हिशोबात धरा. रिकी विल्यम्सचं पण असंच, न्यू ऑर्लिन्सकडून मायामी डॉल्फिन्सकडे आलेला, जुलै २००४ मध्ये कॅम्पच्या तोंडावर सोडून गेला आणि लवादाने ८६ लाख डॉलरची देणेदारी त्याच्यावर लावली. पुढच्या वर्षी तो खेळायला परत आला.

टीमने मागितलेत का, हे शेवटी

हक्क असणं आणि मागणं यात खूप अंतर आहे. कोल्ट्सने लककडून एक डॉलरही घेतला नाही. सात वर्षं त्या माणसाने फुटलेली किडनी, खांदा, पोटरी सगळं सोसून खेळून दाखवलं होतं, मालकाने जाऊ दिलं. याच्या उलट डेट्रॉइट. कॅल्विन जॉन्सनने २०१६ मध्ये नऊ सीझननंतर निवृत्ती घेतली, बोटं, घोटे, गुडघे सगळं खिळखिळं झालेलं, २०१२ मध्ये त्याने एका सीझनमध्ये १९६४ रिसीव्हिंग यार्डांचा विक्रम केलेला. लायन्सच्या हिशोबात त्याच्या बोनसचे ३२ लाख डॉलर शिल्लक होते आणि त्यांनी किमान १० लाख परत घेतले. नियमाने बरोबर होतं, कोणी चूक म्हणणार नाही. पण पैसे परत केल्याशिवाय टीमशी संबंध जुळणार नाहीत असं तो उघडपणे सांगत राहिला, २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हाही हा विषय मिटलेला नव्हता. त्याच गावात, सँडर्सनंतर दुसऱ्यांदा, आपल्या सगळ्यात लाडक्या खेळाडूशी टीमने पैशावरून वाकडं घेतलं. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी लायन्स फॅनशी या विषयावर बोलून बघा, आजही तावातावाने बोलतात. मला विचाराल तर शरीर मोडून जाणाऱ्याकडून घेऊ नये, आणि ठणठणीत असून रुसून बसणाऱ्याकडून जरूर घ्यावेत.

टीम मागते त्याला कॅपचंही कारण असतं. खेळाडू निवृत्त झाला की न वाटलेला बोनस डेड मनी म्हणून कॅपवर येतो, १ जूननंतर निवृत्त झाला तर यंदाचा भाग यंदा आणि बाकीचा पुढच्या वर्षी. खेळाडूकडून पैसे वसूल झाले की तेवढी कॅपमध्ये सूट मिळते. म्हणून कॅपला घासून चाललेली टीम जास्त नेटाने मागे लागते, हेही बातमी वाचताना तपासा.

खेळाडूला पटलं नाही तर तो एनएफएलपीए म्हणजे खेळाडूंच्या युनियनमार्फत ग्रीव्हन्स टाकतो, साधारण ५० दिवसांच्या आत टाकावी लागते, मग लवाद ऐकतो. बरीच प्रकरणं मध्येच तडजोडीत मिटतात आणि आकडा बाहेर येतच नाही. तेव्हा टीम अमुक मागतेय अशी बातमी आली की तो मागणीचा आकडा समजा, दिलेला नाही.

आयपीएल आणि युरोपातल्या फुटबॉलला हे लावू नका

आपल्याकडे लगेच आयपीएलशी तुलना होते. तिथे साइनिंग बोनस हा प्रकार नाही, लिलावातली बोली म्हणजे त्या सीझनचा मोबदला, आलाच नाही तर मिळतच नाही, मग परत काय मागणार. म्हणून बीसीसीआयने दुसरी वाट धरली. लिलावात विकला गेल्यावर योग्य कारण नसताना माघार घेणाऱ्या परदेशी खेळाडूवर दोन सीझनची बंदी. हॅरी ब्रूकला दिल्ली कॅपिटल्सने ६ कोटी २५ लाखांना घेतलं होतं, २०२५ च्या सीझनआधी त्याने माघार घेतली आणि बंदी बसली. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तर बोनसपुरतं थांबत नाही, नुकसानभरपाई मागतात. कोकेनच्या चाचणीत सापडल्यावर चेल्सीने आद्रियान मुतूला २००४ मध्ये काढलं आणि पुढे त्याच्यावर १ कोटी ७० लाख युरोच्या वरची भरपाई बसली, जी त्याला खरेदी केलेल्या किमतीवरून काढली होती, त्याने घेतलेल्या बोनसवरून नाही.

टॅक्सचा भाग, जो तुम्हालाही लागू होऊ शकतो

साइनिंग बोनस मिळाला त्या वर्षी त्याच्यावर टॅक्स कापला जातो. एक कोटी मिळाले असं लिहिलं तरी हातात येतात साठ लाखांच्या आसपास, राज्यावर अवलंबून. परत देताना मात्र टीम सहसा कापण्याआधीचा आकडा मागते. त्याच कॅलेंडर वर्षात परत दिले तर पगारातून वजा करून प्रकरण सोपं होतं. वर्ष उलटलं की सरकारला गेलेला इन्कम टॅक्स टीम परत देऊ शकत नाही, तो खेळाडूने स्वतःच्या रिटर्नमध्ये मागायचा. अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात त्यासाठी सेक्शन १३४१ आहे, परत दिलेली रक्कम ३००० डॉलरच्या वर असेल तर यंदा वजावट घ्यायची किंवा त्या जुन्या वर्षी जेवढा जास्त टॅक्स भरला त्याचं क्रेडिट घ्यायचं, ज्यात फायदा जास्त ते. स्वतःहून करार मोडलेला असेल तर हे लागू पडतं का यावर वाद होऊ शकतो, म्हणून चांगला टॅक्सवाला गाठावाच लागतो.

हे शेवटचं मी मुद्दाम सविस्तर लिहिलं कारण इथे नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी मुलामुलींच्या ऑफर लेटरमध्ये जॉइनिंग बोनस असतो आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात वर्षाच्या आत सोडलं तर परत असं कलम असतं. सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. महिन्यांच्या प्रमाणात परत करायचे की पूर्ण, टॅक्स कापण्याआधीचे की नंतरचे, आणि कंपनीने काढलं तर काय. पहिल्या दोनचं उत्तर गोलमोल आलं तर ऑफर लेटरमध्ये दुरुस्ती मागा, एचआरवाले बऱ्याचदा करून देतात. आणि सोडायचंच असेल तर शक्यतो बोनस मिळाला त्याच कॅलेंडर वर्षात, ३१ डिसेंबरच्या आत परतफेड उरकून टाका.